फिनेल प्यायलेली टाकी

माझी नोकरी दुसऱ्यांच्या चुका शोधण्याची होती. कारखान्यात तयार होऊन आलेला सुटा भाग मापायचा, उजेडात धरायचा, नाक मुरडायचं आणि त्यावर लाल खडूने फुली मारायची. एवढ्याचा मला तीस वर्षं पगार मिळाला आणि शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळही मिळालं. फुली मारायची सवय मात्र कंपनीने परत मागून घेतली नाही, ती मी घरी घेऊन आलो. पहिल्या आठवड्यात पोळ्यांचा गोलपणा झाला, दुसऱ्या आठवड्यात दुधाची साय, तिसऱ्यात भांडी लावायची पद्धत. चौथ्या आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, जरा सोसायटीत लक्ष घाला ना. तिथे बघा किती चुका आहेत!" मला वाटलं, बाईला अखेर माझी किंमत कळली.

आमची सोसायटी बिबवेवाडीत, मार्केट यार्डापासून फार लांब नाही. चार इमारती, मधे पार्किंग, मागे एक मोकळी खोली आणि तिची एक खिडकी मागच्या गल्लीत उघडणारी. त्या दिवसांत शहरात कचऱ्याची मोठी बोंब होती. डेपोशेजारच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या होत्या. अडवतील नाही तर काय करतील! वर्षानुवर्षं आपण खायचं इथे आणि सालं टाकायची त्यांच्या दारात. मग महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना सांगितलं, ओला कचरा तुमचा तुम्ही आवारात जिरवा. त्यावर सभा बोलावली गेली. "जबाबदारी कोण घेतं?" असं चेअरमननी विचारल्याबरोबर सगळे वर पंख्याकडे बघायला लागले. मी एकटा समोर बघत राहिलो, म्हणून सापडलो. आमचे चेअरमन मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी. शब्द तोलून वापरणार, उधारीवर तर देणारच नाहीत. म्हणाले, "बरं झालं. तुम्हाला वेळ आहे."

खड्डा खणून खत करा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. पण खड्डा कोणीही खणेल हो! मला ऊर्जा निर्माण करायची होती. पुस्तिका आणल्या, दोन-तीन ठिकाणी जाऊन पाहिलं आणि शेवटी मागच्या खोलीजवळ दोन मोठ्या काळ्या टाक्या आणवल्या. एक सरळ आणि तिच्यात दुसरी उपडी. खालच्या टाकीत शेणाचं पाणी असतं, त्यात जंतू असतात. त्यांना रोज बारीक केलेला ओला कचरा घालायचा. ते तो खातात आणि गॅस सोडतात. गॅस साठला की उपडी टाकी वर उचलली जाते. वर आली म्हणजे पोट भरलं, खाली बसली म्हणजे उपास. सगळं शास्त्र एवढंच. मी मात्र 'जैववायू ऊर्जानिर्मिती प्रकल्प' अशी पाटी रंगवून घेतली. सोसायटीतलं शेंबडं पोरसुद्धा त्याला गोबरगॅस म्हणायचं. मी दुरुस्ती करायचो, आणि पोरं "हो काका" म्हणून परत गोबरगॅसच म्हणायची.

जंतू सुरू करायला ताजं शेण लागतं. जवळच्या अप्पर वस्तीच्या बाजूला एक गोठा होता, तिथून मी स्वतः स्कूटरवर शेण आणलं, पत्र्याच्या पिंपात, पायांमधे ठेवून. झाकण गच्च बसतं की नाही हे तपासायचं राहिलं. जगाला फुल्या मारणारा माणूस स्वतःचं झाकण तपासत नाही, हे आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाला त्या दिवशी कळलं. घरी पोचलो तेव्हा बायकोने दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दार परत लावून घेतलं.

टाकी चालवायला माणूस हवा होता. आमच्या चारही इमारतींचा कचरा एक ताई नेत असत. पन्नाशीच्या, उंच, एका गुडघ्याने अधू झालेल्या. त्यांचं माहेर खराडीकडचं. आता तिथे काचेच्या इमारती आहेत, तेव्हा शेतं होती. शेतं विकली गेली, भावांचं बरं झालं. बहिणीच्या वाट्याला दिवाळीची साडी आली. ताई टाकीकडे बघून म्हणाल्या, "आमच्या बाबाकडं व्हता असला. गोठ्यामागं. आय सगळा सैपाक त्याच्यावरच करायची." मी त्यांना बसवून वीस मिनिटं जंतूंचं शास्त्र समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी म्हशीचं पोट. आंबट लई घालायचं न्हाई, पानी ध्येनात ठेवायचं." माझ्या पुस्तिकेतही शेवटी तेच होतं, फक्त चाळीस पानांत.

ठरलं असं की ताईंनी टाकी सांभाळायची, आणि त्याबदल्यात मागची खोली आणि तो गॅस त्यांनी वापरायचा. गुडघ्यामुळे जिने चढणं त्यांना जड जात होतं. सकाळी खिडकीतून चहा-पोहे विकायचे, असा त्यांचा बेत होता. कचऱ्याचं काम हळूहळू सुनेकडे द्यायचं आणि आपण शेगडीपुढे बसायचं. त्या शेगडीवर त्यांचं पुढचं आयुष्य होतं. मला तेव्हा ते दिसलं नाही. मला प्रकल्प दिसत होता.

उद्घाटन सकाळी अकरा वाजता ठेवलं, अगदी उन्हात. मी भाषण केलं, नळ फिरवला, काडी लावली. काही नाही. परत लावली. काही नाही. लोक खाकरायला लागले. काय अडलं ते बघायला मी खाली वाकलो आणि माझ्या दोन्ही भुवया गेल्या. गॅस पहिल्याच काडीला पेटला होता. त्याची निळी ज्योत उन्हात दिसतच नाही, ते चाळीस पानांत होतं आणि मी वाचलेलंही होतं. ताईंनी पटकन पुढे होऊन शेगडीवर पातेलं ठेवलं आणि दहा मिनिटांत सगळ्यांना चहा दिला. चेअरमन चहा पीत म्हणाले, "प्रकल्प चांगला आहे. तुम्ही जरा लांब उभे राहा."

मी ऐकायला हवं होतं.

पुढचे चार-पाच महिने खरोखर झकास गेले. सकाळी खिडकीपुढे रिक्षावाले, घरकामाच्या बायका, रखवालदार, प्लंबर असे सगळे उभे असायचे. ताईंच्या पोह्यांना चव होती. मी रोज सकाळी पट्टी घेऊन टाकी किती वर आली ते मोजायचो आणि रजिस्टरमध्ये लिहायचो. तारीख, उंची, शेरा. शेरा रोज 'समाधानकारक'. आता सांगा, तीस वर्षं फुल्या मारलेल्या माणसाने 'समाधानकारक' किती दिवस लिहायचं? हात शिवशिवायला लागले. टाकीत खोट सापडेना, म्हणून मी बादल्यांकडे वळलो.

प्रत्येक घराने ओल्या कचऱ्याची बादली सकाळी दाराबाहेर ठेवायची असे. मी फेरी मारायला लागलो. काही बादल्या शिळ्या, काही आंबलेल्या, काहींच्या तळाशी कालचं चिकटलेलं. मी खाली जिन्यापाशी एक काळा फळा लावला. वर मथळा, 'आजच्या वास येणाऱ्या बादल्या'. खाली फ्लॅट नंबर. नावं नाहीत हं, फक्त नंबर. मी सभ्य माणूस आहे. त्याखाली एक ओळ कायमची रंगवून घेतली, 'बादलीवरून घर कळते'.

पहिल्या दिवशी सात नंबर होते, दुसऱ्या दिवशी पाच. पंधरवड्यात फळा कोरा राहायला लागला. मी घरी येऊन म्हटलं, "बघितलंस? लोकांना फक्त शिस्त लावणारा माणूस पाहिजे." बायको भाजी निवडत होती. "हं," एवढंच म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात तिचे 'हं' मला नीट वाचता यायला हवे होते.

बादल्यांचा वास गेला आणि टाकी बसायला लागली. रोज एक-दोन बोटं खाली. शेगडी आधी मंद झाली, मग फुरफुरायला लागली. चहाला अर्धा तास लागू लागला. पोहे अर्धे कच्चे निघाले. मी पट्टी आणली, लिटमसचा कागद आणला, थर्मामीटर आणला. सगळं टाकीत बुडवलं. ताई एक दिवस म्हणाल्या, "साहेब, बादलीला फिनेलचा वास येतोया."

मी म्हटलं, "वास चांगला येतोय, हे चांगलंच नाही का?"

"पोटात औशिद चाललंय त्याच्या. ते मरनार."

मी हसलो. अगदी समजूतदार, वरिष्ठ माणसाचं असतं तसं हसलो. अहो, बादली फिनेलने धुतली तरी ते जाऊन जाऊन किती जाणार? मी ताईंना विचारलं, लिंबाची सालं निवडून काढता का? पाणी मोजून घालता का? त्या म्हणाल्या, काढते, घालते. तरी मी रजिस्टरमध्ये शेरा लिहिला, 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा'. दुसऱ्या दिवशीही तोच. चौदा दिवस तोच. दर वेळी खाली सही. खोटं लिहितोय असं मला वाटलं नाही, हेच वाईट आहे. कारखान्यात भाग बिघडला की चूक मशिनवरच्या माणसाची, हे मला पाठ होतं. मोजणाऱ्याची चूक असते, असं मी तीस वर्षांत एकदाही लिहिलेलं नव्हतं.

मग टाकी पुरती बसली. घाण वास सुटला, पार्किंगमधल्या लोकांनी आरडाओरडा केला आणि चेअरमननी रविवारी सकाळी दहाला सभा बोलावली. विषय एकच. टाकी काढून टाकावी, खोली रिकामी करून तिथे स्कूटरसाठी जागा करावी. रजिस्टर माझ्याकडून आधीच मागवून घेतलं होतं.

त्या रविवारी मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून चहाला बसलो. बायको ओट्याशी बादली भरत होती. भाज्यांची देठं, चहाचा चोथा, कालचा उरलेला भात. मग तिने मोरीतली बाटली उचलली आणि झाकणभर काहीतरी वरून शिंपडलं. भात पांढुरका झाला. सगळ्या स्वयंपाकघरात इस्पितळाचा वास पसरला.

"हे काय?"

"फिनेल."

"कचऱ्यात?"

"मग कुठे घालू? वास कचऱ्यालाच येतो."

"अगं, कधीपासून?"

"फळा लावलात तेव्हापासून. सगळेच घालतात. कोणी झाकणभर, कोणी पेलाभर. तिसऱ्या मजल्यावरचे तर आदल्या रात्रीपासून भिजत घालतात."

मी म्हटलं, "मला सांगायचं तरी!"

ती बादली उचलून दारापर्यंत गेली, तिथून वळून म्हणाली, "आपला नंबर फळ्यावर लागला असता तर तुम्ही तो लिहिला असतात. पुसला नसतात. मग मी काय करायचं होतं, सांगा."

खरं होतं. मी लिहिलाच असता. वर अभिमानाने सांगितलंही असतं की बघा, घरच्यांनाही सोडलं नाही. चहा तसाच ठेवून मी उठलो. चौदा दिवस त्या बाईच्या नावावर मी जे लिहीत होतो, ते माझ्याच मोरीतून रोज सकाळी खाली जात होतं.

सभा पार्किंगमध्ये होती. खुर्च्या मांडल्या होत्या. ताईंना बोलावलं होतं, त्या शेवटच्या खांबापाशी उभ्या होत्या. कोणी त्यांना बस म्हटलं नाही. मीही नाही. चेअरमननी रजिस्टर उघडलं. "चौदा दिवस एकच शेरा आहे. सही आपल्या प्रकल्पप्रमुखांची आहे. तेव्हा चर्चेची गरज दिसत नाही. टाकी बंद, खोली रिकामी. कोणाचा विरोध?"

मी उभा राहिलो. आणि काय बोलायला लागलो म्हणता? जंतू. विनाऑक्सिजन पचन. आम्लता. मी एवढा मोठा वळसा घेत होतो की मला स्वतःला गाठणं अवघड झालं होतं. चेअरमन म्हणाले, "मुद्दा?"

"बादल्यांत फिनेल आहे," मी म्हटलं. "सगळ्यांच्या."

गलका झाला. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ उठले. त्यांच्या दारावर 'शुद्ध शाकाहारी' अशी पितळी पाटी आहे. "आम्ही कशाला घालू फिनेल? आमच्याकडे वास येण्यासारखं काही शिजतच नाही!" कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बुधवारच्या बोंबलाचा वास सगळा जिना ओळखून होता. पण मला ती वाट सोपी वाटली. आता सगळ्यांवर थोडं थोडं वाटून टाकलं की आपल्या वाट्याला चिमूटभरच उरतं, असं मनात आलं. मी म्हणालोसुद्धा, "म्हणजे एकूण आपल्या सगळ्यांचाच दोष..."

तेवढ्यात खांबापासून आवाज आला. "साहेब, माज्याबद्दल काय लिवलंया त्या वहीत? एकदा वाचा की. मला वाचता येत न्हाई."

चेअरमननी रजिस्टर माझ्या हातात दिलं. मी वाचलं, "कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा."

"म्हंजी काय?"

"म्हणजे... लक्ष न देता काम करणं. सांगितलेलं न ऐकणं. त्यामुळे नुकसान करणं."

"कोन ते?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं, वहीत कोणाचं नाव आहे ते. माझ्या तोंडून निघालं, "मी."

तयारी करून बोललो असतो तर याहून लांब बोललो असतो. मग बाकीचं आपोआप बाहेर पडलं. फळा मी लावला. फिनेल माझ्या घरातूनही आलं. ताईंनी मला सांगितलं होतं आणि मी हसलो होतो. हे सांगताना मी रजिस्टरकडेच बघत होतो. लाज वाटत होती मला, दुसरं काय! बायको पहिल्या रांगेत पदराच्या टोकाशी चाळा करत बसली होती. तिने एकदाच वर पाहिलं.

चेअरमननी रजिस्टर माझ्या हातातून परत घेतलं. मग म्हणाले, "दोष कोणाचा ते कळलं. टाकीला दोन महिने देऊ. फळा आधी काढा. आणि तुम्ही मोजायचं नाही."

टाकी ताईंनी बरी केली. पंधरा दिवस तिला काही खायला घातलं नाही. अर्धं पाणी उपसलं. मला शेण आणायला सांगितलं, या वेळी झाकणाला सुतळी बांधून. थोडं गुळाचं पाणी घातलं, गूळ चेअरमननी पाठवला. सोसायटीतले लोक फिनेल थांबवून पूर्वीसारख्या वास येणाऱ्या बादल्या ठेवायला लागले आणि टाकी एक-एक बोट वर आली. दीड महिन्यात शेगडी पहिल्यासारखी पेटली.

गिऱ्हाईक मात्र पहिल्यासारखं आलं नाही. दीड महिना ताईंनी मागून आणलेल्या स्टोव्हवर नुसता चहा विकला होता. पोह्यांची माणसं कोपऱ्यावरच्या गाडीकडे गेली ती तिकडेच रुळली. खिडकीपुढे दोन-तीन जण उभे दिसायचे, कधी कोणीच नाही. सुनेने कचऱ्याचं काम धरलं होतं, पण एकटीच्या कमाईत भागेना. ताई पुन्हा तो गुडघा घेऊन जिने चढायला लागल्या. जिन्यात त्यांची चाहूल लागली की मी आत जाऊन बसायचो. भरून देता येत नाही अशी चूक मी पहिल्यांदाच करत होतो, निदान पहिल्यांदाच बघत होतो.

मग मी ठरवलं, रोज सकाळी नाश्ता ताईंकडेच करायचा. आपल्याला बघून चार माणसं येतील. खिडकीशेजारी स्टूल टाकून बसायचो, दोन बशा पोहे खायचो, वर चहा घ्यायचो. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचो, "या, या, पोहे छान आहेत." बायकोने त्याला 'प्रायश्चित्ताचे पोहे' असं नाव ठेवलं. पित्त वाढलं तरी मी चुकलो नाही. तीन आठवडे झाले. माझ्या मते मी चांगलं काम करत होतो.

एक दिवस पोहे संपवून बशी ठेवली तर ताई म्हणाल्या, "साहेब, एक सांगू का? रागावू नगा."

"छे छे, बोला."

"तुमी हितं बसू नगा."

मला वाटलं, पैसे घ्यायचा त्यांना संकोच वाटतोय. म्हटलं, "अहो, त्यात काय! मी आनंदाने येतो."

"तुमी येता, पन मानसं येत न्हाईत. खिडकीपातूर येत्यात, तुमाला बगून माघारी जात्यात. तुमी त्यांच्या बशीकडं बगता. परवा त्या टँकरवाल्याला हात धून ये म्हनलात."

"त्याचे हात काळे होते हो!"

"टँकरवाल्याचं हात काळंच असत्यात, साहेब."

नुसता पोहे खातोय असं मला वाटत होतं तेव्हाही मी मोजतच होतो तर! मी विचारलं, "ताई, मग मी काय करू? काय केलं म्हणजे तुमचं पुन्हा पहिल्यासारखं होईल?"

त्यांनी शेगडी बारीक केली. माझ्याकडे बघून अगदी मायेने म्हणाल्या, "काय करू नगा."

मी स्टूल उचलून घरी आलो. दहा-बारा दिवसांनी सकाळी गॅलरीतून सहज खाली पाहिलं, तर मागच्या गल्लीत खिडकीपुढे आठ-दहा माणसं उभी होती. ताई बसूनच बशा भरत होत्या आणि सून हातोहात देत होती. टँकरवालाही होता. हात न धुता खात होता. कठड्यावरून वाकून त्याला हाक मारावी असं फार फार वाटलं. तोंड उघडलंही होतं. मग मी आत आलो आणि गॅलरीचं दार लावून घेतलं.